हौसेच्या पापण्या

वाशीमजवळच्या मालेगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत वैजयंतीबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं एक मशीन, एक उभा आरसा आणि भिंतीला लावलेलं एक बाकडं. ब्लाउजची मापं वैजयंतीबाई घेतात, बाकड्यावर बसलेल्या बाया एकमेकींच्या सुनांची मापं काढतात. दोन्ही कामं दिवसभर जोरात चालतात.

बाई मोठी हसरी. गिऱ्हाइकाचा दंड मापता मापता असं काही बोलेल की मापच चुकावं. पण चाळिशी उलटली आणि तिचा चेहरा तिला फितूर झाला. वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून खाली उतरू लागली. पन्नाशीपर्यंत दोन्ही डोळ्यांवर कातडीची झालर लोंबू लागली. मग सुरू झालं. “काहून व, रडली का?” “झोप नाही झाली का काकू?” “बबनराव काही बोलले का?” आता बबनराव म्हणजे तिचे यजमान. हा माणूस सोयाबीन आणि तूर सोडून कोणाशी चार शब्द बोलत नाही, तो बायकोला काय बोलणार? पण गल्लीनं त्यांना परस्पर मारकुटा ठरवून टाकलं होतं. मयतीला मात्र वैजयंतीबाईंची मोठी शान. घरच्यांचे डोळे सुकले तरी यांचा चेहरा दुःख सोडायचा नाही.

हे सगळं तिनं हसण्यावारी नेलं. लेकीच्या, निकिताच्या, लग्नाचा अल्बम आला तेव्हा मात्र हसू आटलं. एका फोटोत ती खदखदा हसत होती, तिला स्वतःला आठवत होतं, मांडवात कुणाच्या तरी फजितीवर. फोटोत दिसत होती ती पेंगणारी, रुसलेली कुणी भलतीच बाई. निकिताच्या सासूनं तर फोनवर विचारलंच, “विहीणबाई, आमचं काही चुकलं होतं का त्या दिवशी?”

त्या रात्री जेवताना तिनं बबनरावांसमोर विषय काढला. “पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणते निकिताचे बाबा. अकोल्याले होते. निकितानं चौकशी केली.”

“दिसत नाही का तुले?”

“सुई ओवते मी. मले सगळं दिसते. मीच कोणाले दिसत नाही.”

बबनरावांनी भाकरीचा तुकडा वरणात बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, “दुखन का?” वैजयंतीबाईंनी ओळखलं, परवानगी मिळाली.

अकोल्याच्या डॉक्टरनं डोळे वर करायला लावले, खाली करायला लावले, पापणी चिमटीत धरून पाहिली. म्हणाला, “बाई, नजरेला काही अडथळा नाही. हे ऑपरेशन गरजेचं नाही, हौसेचं आहे.”

“मग हौसेचं करा,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

तयारी सुरू झाली. बी.पी. तपासलं, साखर तपासली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून खायच्या त्या गोळ्या बंद, कारण त्यांनी रक्त थांबत नाही. पहाटे कच्च्या लसणाच्या पाकळ्या गिळायच्या, त्याही बंद. “आणि ठेचा?” त्यांनी घाबरून विचारलं. डॉक्टर हसला, जेवणातला चालेल म्हणाला, तेव्हा वऱ्हाडी जीव भांड्यात पडला. लग्नसराईचे ब्लाउज त्यांनी हातावेगळे केले. बर्फानं शेकायचं आहे असं कळल्यावर जुन्या मलमलीच्या छोट्या छोट्या पिशव्या शिवून ठेवल्या, वर नाडीसकट. ऑपरेशनला जाताना रुखवत घेऊन जावं तशा त्या पिशव्या घेऊन निघाल्या.

एकच तयारी राहून गेली. गल्लीला काय सांगायचं, हे ठरलंच नाही. बबनरावांना चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, वहिनी कुठं गेल्या? त्यांनी सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन. “मोतीबिंदू?” बबनरावांनी मान हलवली. आपल्याकडं डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूच, दुसरं काही असतं हे कुणाच्या गावीही नाही. वैजयंतीबाईंना कळलं तेव्हा त्या आधी चिडल्या आणि मग निवांत झाल्या. मोतीबिंदू कसा इज्जतदार आजार! त्याला कोणी हसत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरनं त्यांना बसवून पापण्यांवर पेननं रेघा मारल्या. खडूनं कापड आखणाऱ्या बाईला राहवेना. “डॉक्टरसाहेब, शिवणीले दाब ठेवजा थोडा. जास्त कापसान तं डोळे मिटाचे नाहीत.”

“तेच मोजतोय, बाई. आता बोलू नका.”

पापणीत सुई टोचताना त्यांनी निकिताचा हात असा आवळला की पोरीच्या बांगड्या वाकल्या. पण तोंडातून आवाज काढला नाही.

डॉक्टर म्हणाला होता, टाके निघेपर्यंत अकोल्यातच राहा. पण लेकीच्या सासरी किती दिवस उशीवर डोकं ठेवून पडायचं? आणि तेही असल्या कामासाठी? तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून बाई मालेगावात हजर. चष्म्याखाली डोळे जांभळासारखे काळेनिळे, सुजून टम्म, पापणीवर काळ्या दोऱ्याची बारीक शिवण.

झालं, पाहुण्यांची रांग लागली. बिस्किटाचे पुडे आले, नारळ आले. न्हायचं नाही, वाकायचं नाही, फोडणीजवळ जायचं नाही, असे सल्लेही आले. आणि भिंत चाचपत दोन घरं पलीकडची सोजरबाई आली.

सोजरबाई सत्तरीची, एकटी. पोरगा पुण्याला. तिच्या दोन्ही डोळ्यांत खराखुरा मोतीबिंदू पिकला होता. चहात मीठ घालायची, नालीत पडलेल्या काळ्या पिशवीला बकरी समजून हाकलायची. हसण्यासारखंच होतं, पण परवा वाशीमच्या रोडवर तिनं ट्रकपुढं पाऊल टाकलं, तेव्हा कोणी हसलं नाही. दोन वर्षं गल्लीनं मिनतवाऱ्या केल्यावर ती ऑपरेशनला तयार झाली होती. सोमवारी आरोग्य केंद्राच्या आशाताईसोबत वाशीमला जायचं ठरलं होतं.

“चष्मा काढ व, पाहू दे,” सोजरबाई म्हणाली. नाकाला नाक लागेल इतकी वाकली. काही दिसलं, काही नाही, म्हणून हळूच बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. “अवं माय! शिवलं का तुले?”

बाकड्यावरच्या ललिताबाईनं उरलेलं सांगून टाकलं. “शिवलं म्हंजे? गोधडीसारखं शिवलं! तोंड पाहा, मारल्यावानी काळंनिळं झालं.”

सोजरबाई मागं सरली. भिंत चाचपत परत गेली. दुपारी बातमी आली, तिनं आशाताईला सांगितलं, माझं नाव काढून टाक, आहे तेवढं दिसते तेवढं बस.

वैजयंतीबाई दोन उशांवर डोकं ठेवून, डोळ्यांवर बर्फाची पिशवी ठेवून पडल्या होत्या. बर्फाचं पाणी झालं तरी त्या हलल्या नाहीत. खरं सांगावं तर गल्लीला वर्षभर चघळायला विषय मिळणार. या गल्लीत पन्नाशीच्या बाईनं गडद रंगाचं पातळ नेसलं तरी चार दिवस चर्चा चालते. न सांगावं तर ती म्हातारी एक दिवस रोडवर जाणार, तेही आपल्या तोंडाकडं पाहून.

आधी त्यांनी पळवाट शोधली. बबनरावांना पाठवलं, म्हणाल्या, सांगा तिले, माहं वेगळं होतं. बबनराव गेले. पाच मिनिटांत परत आले.

“काय सांगतलं?”

“सांगतलं, हिचा मोतीबिंदू जरा वरच्या बाजूले होता.”

“मग?”

“ते म्हातारी म्हणे, माहाही वरच्याच बाजूले असन.”

वैजयंतीबाईंनी कपाळावर हात मारला असता, पण डॉक्टरनं मनाई केली होती. त्यांनी चष्मा चढवला आणि उठल्या. सोजरबाईच्या ओट्यावर पाच-सहा बाया तूर निवडत होत्या, ललिताबाई मधोमध. एकांत मिळाला असता तर सोपं होतं. पण एकांतात सांगितलेलं सोजरबाईला खरं वाटलं नसतं, समजूत काढून राह्यली म्हणून उठून गेली असती. वैजयंतीबाईंनी चष्मा काढला.

“सोजरमाय, माहा मोतीबिंदू नव्हता. तुह्या ऑपरेशनात असं काही होत नाही. मी पापण्या कापून घेतल्या. वरची जास्तीची कातडी.”

“म्हंजे तुह्या डोळ्याले काही झालंच नव्हतं?”

“नाही.”

“चांगल्या डोळ्यावर सुई चालवून घेतली? कायले?”

“चांगलं दिसाले.”

तुरीत फिरणारे हात थांबले. ललिताबाईनं हनुवटीला बोट लावलं. “बाई बाई बाई! या वयात?”

“या वयातच उतरल्या पापण्या. वीस वर्षाची असती तं कायले गेली असती?” त्यांची मान ताठ होती. “सगळे म्हणत, काहून रडून राह्यली. मी रडत नव्हती. मले माहं हसू दिसाले पाहिजे होतं, बस.”

सोजरबाई तिच्या आवाजाच्या दिशेनं वळली. मग बोळक्या तोंडानं हसायला लागली, ते खोकला येईपर्यंत हसली. “नखरा कराले तू भेली नाही, आन् मी दिसाले भेऊन राह्यली! ललिते, लाव आशाले फोन. पण हे नखरेवाली माह्यासोबत पाह्यजे.”

सोमवारी दोघी वाशीमला गेल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली. सोजरबाईनं आधी खिडकी पाहिली, मग नर्सबाई, मग वैजयंतीबाईंचं तोंड दोन्ही हातात धरून उजेडाकडं वळवलं. “काळंनिळं आहे खरं. पण डोळे उघडले तुहे पोरी. डावा जरासा जास्तच उघडला.”

चिडवायला गल्लीनं कसर ठेवली नाही. वैजयंतीबाई दिसल्या की ‘हिरोईन आली’. त्यांनी ते हसून झेललं, आणि आता ते हसू लांबूनही दिसायचं. पण खरा बंदोबस्त केला सोजरबाईनं. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन उरकून ती बाकड्यावर ठाण मांडून बसू लागली, आणि इतक्या वर्षांनी दिसायला लागलेल्या बाईला सगळंच दिसत होतं. “ललिते, तुह्या डोळ्याखाली दोन पिशव्या लोंबून राह्यल्या व. काय ठेवतं त्यात?”

चिडवणं आपोआप थंडावलं. मग एका भर दुपारी, बाकडं रिकामं पाहून, ललिताबाई ब्लाउजचं माप द्यायला आली. माप झालं, तरी उठेना. आरशापुढं जरा वेळ उभी राहिली आणि आरशातच पाहत म्हणाली, “वैजयंती, तो अकोल्याचा डॉक्टर… खालच्याही पापण्या करते का व?”