नको असलेल्या चौघी आणि मी

जिंकणाऱ्या संघाकडं सांगण्यासारखं एकच असतं: आम्ही जिंकलो. हरणाऱ्यांचं तसं नाही. दर वेळी नव्या कारणानं हरावं लागतं आणि कारणं साठत जातात. आमच्याकडं अख्ख्या सीझनची साठली आहेत.

गोष्ट साठ सालानंतरची. वऱ्हाडात मुलींच्या बास्केटबॉलचे चार संघ होते: अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, यवतमाळ. अमरावतीतल्याच आमच्या व्यायामशाळेला पाचवा काढायची हुक्की आली. अध्यक्ष अण्णासाहेब. वय सत्तरीचं, मिशा तिशीतल्या पहिलवानाच्या. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून कोचही तेच झाले.

जुन्या चारही संघांनी नव्याला एकेक खेळाडू द्यायची असं बैठकीत ठरलं. दिली की! लग्नात आलेलं नको ते भांडं आपण पुढच्या लग्नात देऊन टाकतो, तशी दिली. अमरावतीनं शांता, मूर्तिजापूरनं निर्मला, यवतमाळनं लीला, अकोल्यानं मैना. चौघींचं घर नाहीतर नातलग इथंच, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. पाचवी मी. मला कोणी दिलं नव्हतं. कॉलेज सोडून घरी बसले होते, मी आपली चालत गेले.

व्यायामशाळेच्या कमिटीची अट एकच. सीझनमध्ये एक तरी मॅच जिंका, नाहीतर संघ बंद आणि मैदान अण्णासाहेबांच्या मित्रमंडळाला बॅडमिंटनसाठी. माझ्या वडिलांनी त्यावर स्वतःची अट चढवली. संघ आहे तोवर खेळ. बंद झाला की पाहुणे येतील, मुकाट्यानं पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं. मुलगा ठरल्यासारखाच होता. त्याला मी पाहिलं नव्हतं. त्याच्या बापाला पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

* * *

पहिला प्रश्न आला कपड्यांचा. मुलींचे गुडघे दिसावेत की नाही यावर कमिटीच्या म्हाताऱ्यांनी दोन बैठका घेतल्या. गुडघ्यांवर इतकं बोलणं दवाखान्यातही होत नसेल. शेवटी ठरलं, लांब पायजमे. अण्णासाहेबांनी एकच ताका आणला आणि एकाच मापाचे पाच शिवून घेतले. माप त्यांच्या सुनेचं.

शांता ताडमाड उंच. तिचा पायजमा गुडघ्याशीच संपला. निर्मला बुटकी, तिचा जमिनीवर लोळायचा. पहिल्याच मॅचमध्ये समोरच्या पोरीनं त्यावर पाय दिला आणि तीच तोंडावर आपटली. रेफ्रीनं शिट्टी मारली, पण फाऊल कोणावर द्यायचा ते त्याला कळेना. निर्मलाचे हात वर, पाय जागच्या जागी. खूप विचार करून त्यानं अण्णासाहेबांकडं बोट केलं.

अण्णासाहेबांनी उठून नमस्कार केला. त्यांना वाटलं, सत्कार आहे.

* * *

लीलानं आमच्या संघाची पहिली बास्केट केली. सुंदर केली. फक्त मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे ती विसरली होती, त्यामुळं ती आमच्यावरच झाली. आम्ही डोक्याला हात लावला. अण्णासाहेब मात्र मैदानात धावत आले, खेळ थांबवला आणि तिला पेढा भरवला. बाजू बदलतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. लीलानं पेढा खाल्ला. म्हणाली, "मोठ्या मानसाचं मन कसं मोडू?"

* * *

शांता सरकारी दवाखान्यात नर्स. खेळ उत्तम, पण समोरची पडली की ही थांबायची. मूर्तिजापूरच्या सेंटरचा पाय मुरगळला तर शांता तिथंच मांडी घालून बसली, स्वतःची ओढणी फाडून पट्टी बांधली, दोन पावलं चालवून पाहिलं. खेळ चालूच होता. त्या बाईनं उठून लागोपाठ दोन बास्केट केल्या. आम्ही हरलो.

अण्णासाहेब ओरडत होते, मी ओरडत होते. शांता शांतपणे म्हणाली, "आदी थे पेशंट हाय. मंग दुश्मन."

* * *

त्या हरण्याबद्दल फैलावर घ्यायला अण्णासाहेबांनी आम्हांला घरी बोलावलं. चहा आला. चौघींना पितळेचे पेले, शांताला वेगळा, कान तुटलेला कप. छप्पन साली शांताच्या घरचे बौद्ध झाले होते. अण्णासाहेबांच्या घरातला कप अजून जुन्याच सालात होता. भाषणात मात्र ते समतेवर अर्धा तास बोलायचे.

शांतानं कपाकडं पाहिलं. मैना बोलली. भातकुलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तिला हळू बोलता यायचंच नाही. "मले थोच कप पायजे."

अण्णासाहेब म्हणाले, तो एकच आहे. मैना म्हणाली, चालंल, शांताचं झाल्यावर मी घेतो. मग निर्मलानं तोच मागितला, लीलानं मागितला, मीही मागितला. आम्ही पाची जणी त्या एका कपातून फुरके मारत चहा प्यायलो. शेवटी मैनानं तो परत भरून अण्णासाहेबांपुढं धरला.

अण्णासाहेब म्हणाले, मला चहानं पित्त होतं. ते पित्त त्यांना सीझनभर पुरलं.

* * *

यवतमाळला जाताना मूर्तिजापूरला गाडी बदलून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश चालते की माणसं उतरून शेतात जाऊन येतात. अण्णासाहेबांना कल्पना सुचली: उतरा आणि गाडीबरोबर धावा, दम वाढेल. आम्ही कोणी हललो नाही. "आमच्या वेळी," असं म्हणून ते धोतर खोचून स्वतः उतरले.

त्या गाडीनं जन्मात वेग घेतला नसेल. त्या दिवशी घेतला.

मॅच आम्ही त्यांच्याशिवाय खेळलो आणि फक्त एका बास्केटनं हरलो. तोवरची आमची सगळ्यांत चांगली कामगिरी. अण्णासाहेब बैलगाडीतून पोहोचले तेव्हा आम्ही त्यांचे मनापासून आभार मानले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

* * *

माझं योगदान विचाराल तर भांडण. कॉलेजात एका प्रोफेसरांनी भर वर्गात सांगितलं होतं की मागच्या बाकावरच्या मुली लग्न ठरेपर्यंत सावलीत बसायला येतात. मी उठले, उन्हात गेले, परत गेले नाही.

अमरावतीच्या जुन्या संघाशी मॅच होती. रेफ्री म्हणून शिट्टी गळ्यात घालून कोण उभं? तेच. त्यांनी लीलावर खोटा फाऊल दिला. मी म्हटलं, "सर, हेही तुम्ही पुस्तक न वाचताच शिकवता का?"

त्यांनी मला बाहेर काढलं. चार जणींनी खेळून आम्ही हरलो. कॉलेज निदान मी स्वतः सोडलं होतं.

* * *

उरली एकच मॅच, अकोल्याशी, अकोल्यात. वडिलांनी पाहुण्यांना रविवार देऊन टाकला होता. अण्णासाहेब बॅडमिंटनची जाळी विकत घेऊन, बगलेत धरूनच मॅचला आले. आमच्यासमोर.

अकोल्यानं मैना आम्हांला का दिली ते त्या दिवशी कळलं. मैना धावायची नाही. समोरच्या बास्केटखाली उभी राहायची आणि कापसाच्या रानात बाया हाकाव्यात तशा हाका मारायची. तिचं म्हणणं, "बॉल आखरीले इथंच येते, त मी काहून धावू?" अकोल्याच्या पोरींनी तीन सीझन तिच्या शिव्या खात तिला पास दिले होते. त्यांतली धाकटी सुमी तर मैनाचा आवाज ऐकला की दचकायची.

कसं कोण जाणे, पण शेवटपर्यंत आम्ही एकाच गुणानं मागं होतो. निर्मलानं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. शांतानं पडलेल्या एका पोरीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि पुढं पळाली. मी रेफ्रीला एक शब्द बोलले नव्हते. जीभ दुखत होती. शेवटचं मिनिट. लीलानं बॉल टाकला, रिंगवर आदळून बाहेर आला आणि सुमीच्या हातात पडला. संपलं. तिनं तो नुसता धरून ठेवला असता तरी अकोला जिंकलं असतं. अण्णासाहेब जाळीची गुंडाळी सोडायला लागले. मला रविवारचे पोहे दिसायला लागले.

मैना नेहमीसारखी बास्केटखाली उभी होती. ती खेकसली, "सुमे, पायतं काय वं? दे इकडं!"

सुमीनं दिला.

मैनानं बॉल टाकला. आत गेला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं पुढं. आम्ही चौघी एकमेकींकडं बघत होतो, ओरडायचं की नाही ते कळत नव्हतं. मैना मात्र कमरेवर हात ठेवून तरातरा सुमीकडं गेली.

"किती खेपा सांगतलं तुले, पास छातीपाशी देत जाय. वर काहून फेकते?"

सुमीनं मान खाली घातली. "चुकलं मैनाताई. पुढच्या खेपेले नीट देईन."