मी काढून टाकलेला आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वाचनालयाच्या समितीत तर नाहीच. एकदा रक्तदाब मोजताना डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, मनावर काही ओझं आहे का — तेव्हाही नाही म्हणालो. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही चांगुणाबाईंना ओळखत नाही म्हणून.

मी मोजणारा माणूस आहे. तळोज्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी विभागात आहे. पिंपात पाण्याचा अंश किती, तापमान किती — आकडा लिहायचा, खाली सही करायची. घरीही तेच. सिलिंडर किती दिवस पुरला, टाकी किती मिनिटांत भरली, सगळं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. सोसायटीत लोक हसतात, पण पाण्यावरून भांडण झालं की माझंच कॅलेंडर मागायला येतात. बढाई म्हणून सांगत नाही. जे झालं ते दुर्लक्षामुळे झालं, असं म्हणायची सोय मला नाही, एवढंच सांगायचंय.

पनवेलला आमच्या भागात एक लहान वाचनालय आहे, त्याच्या समितीवर मी आहे. एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ तिथे पाच नवे संगणक दिले. नवा संगणक म्हणजे कोरा, अशी माझी समजूत. पण ब्राउझर उघडला, तर आत आधीच चार प्लगइन बसलेले. प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. संगणक एका कंपनीचा, ब्राउझर दुसऱ्या कंपनीचा आणि हे चारही प्लगइन भलत्याच कंपन्यांचे. नव्या घराचं कुलूप उघडावं आणि आत चार अनोळखी माणसं चहा पीत बसलेली दिसावीत, तसं वाटलं मला. एक खरेदीतल्या सवलती दाखवायचा. एकाने स्वतःची शोधपट्टी लावली होती. एक हवामान सांगायचा, तेही पुण्याचं. आणि चौथ्यावर कानाचं चिन्ह होतं — ते दाबलं की समोरचं पान मोठ्याने वाचून दाखवायचा. मराठीतसुद्धा.

मी घड्याळ लावून मोजलं. प्लगइनसकट ब्राउझर उघडायला तेवीस सेकंद. त्यांच्याशिवाय नऊ. सवलतीवाला तर वाचक काय काय बघतात ते टिपून घेत होता, हे त्याच्याच बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये लिहिलेलं सापडलं. संगणक येऊन तीनेक महिने झाले तेव्हा मी समितीत ठराव मांडला : वाचनालयाच्या संगणकांवर बाहेरच्या कंपनीचं काहीही असू नये, आणि पुढे कधी संगणक घेतले तर ते कोरेच यावेत. ठराव एकमताने मंजूर झाला. लोकांनी बाकं वाजवली. वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जाऊन मी पाचही संगणकांवरून चार-चार प्लगइन काढले. एकूण वीस. पस्तीस मिनिटं लागली. कार्यवृत्तात तशी नोंद केली.

ठराव चूक होता का? आजही मला तसं वाटत नाही. पण काढण्यापूर्वी मी एक मोजायला हवं होतं — कोणता प्लगइन कोण वापरतं. ते मोजलं नाही. आणि खरं सांगायचं तर, मला दिसत होतं.

चांगुणाबाई कोळीवाड्यातल्या. साठीच्या आसपासच्या. सकाळभर बाजारात मासळी विकायच्या, घरी जाऊन अंघोळ करून, अबोलीचा गजरा माळून दुपारी अडीचला वाचनालयात यायच्या. पहिल्यांदा आल्या होत्या कसल्याशा योजनेची चौकशी करायला. आमच्या ग्रंथपाल शुभदाताईंनी ते पान चार नंबरच्या संगणकावर उघडलं, आणि उघडताना कानाचं चिन्ह चुकून दाबलं गेलं. यंत्र वाचू लागलं. त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. कानातली जड कुडी काढून पदराच्या गाठीत बांधायच्या, मग हेडफोन लावायच्या. मला आधी वाटायचं गाणी ऐकतात. कधीकधी त्या एकट्याच हसायच्या — आणि एकदा तर पडद्याला उद्देशून म्हणाल्या, “याला मासलीतलं काय कलतं?” मासळीवरचं एक पान होतं, त्यात कुठला मासा कधी येतो ते चुकीचं दिलं होतं म्हणे. चुका पकडायला त्या ते पुन्हा पुन्हा ऐकायच्या. मला त्या मास्तर म्हणायच्या. मी मास्तर नाही, पण मी ते दुरुस्तही केलं नाही.

मी प्लगइन काढले त्याला आठवडा उलटून गेला होता. माझी सुट्टी होती, म्हणून दुपारी वाचनालयात होतो. चांगुणाबाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मास्तर, ह्यो चार नंबरचा मुका कसा जाला?”

मी कळलं नाही असं दाखवलं. मग त्यांनी आणखी वाकून, शुभदाताईंनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं, “सही येते मना. सहीच्या वरती काय लिवलंय ते येत नाय. ह्यो बोलतो तो शब्द पिवला करून दाखवतो ना — तवा जरा जरा येऊ लागलंय. घरात कुनाला सांगितलं नाय अजून.”

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी विचार केला — हे मला नीट आठवतं, मी विचार केला. परत बसवायचं, तर समितीला सांगावं लागणार की चौथा प्लगइन मी न बघता काढला. कार्यवृत्तात दुरुस्ती करावी लागणार. बाकं वाजवणारे विचारणार, मग पहिल्यांदाच का नाही पाहिलंत? सव्वीस वर्षांत माझा एकही आकडा परत आला नव्हता.

मी म्हणालो, “ती कंपनी बंद पडली, चांगुणाबाई.”

“अगो बाय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मना वाटला घसा बसलाय त्याचा. म्हनून आठ दिस वाट बघितली.” आणि जाताना मलाच धीर दिला, “जाऊ द्या. तुमी तरी काय करनार?”

त्याच संध्याकाळी घरी मी तो प्लगइन माझ्या संगणकावर बसवून पाहिला. कंपनी व्यवस्थित चालू होती. पैसे लागत नव्हते. बसवायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. एक पान वाचायला लावलं. सपाट आवाज, प्रत्येक पूर्णविरामाला तेवढाच थांबा, आणि जोडाक्षर आलं की जरा अडखळून धक्का दिल्यासारखा उच्चार. शब्द एकेक करून पिवळे होत होते. मी तो काढून टाकला. बायकोने विचारलं, कोण बोलत होतं? म्हटलं, जाहिरात.

तिमाही अहवालात संगणकांवर परिच्छेद लिहायचा असतो. मी लिहिलं : ब्राउझर चौदा सेकंद लवकर उघडतो. वाचकांच्या तक्रारी — शून्य. त्यांनी तक्रार कुठे केली होती? त्यांनी तर नुसतं विचारलं होतं. शून्य हा आकडा असा मी जपून लिहिला. पुढच्या तीन अहवालांतही तोच लिहिला. शेजारच्या एका वाचनालयाने मला बोलायला बोलावलं, तिथेही सांगितला. नवे संगणक कोरेच असावेत, हे मी तिथे वीस मिनिटं पटवून दिलं, आणि पटलंही सगळ्यांना.

मला वाटलं होतं, चांगुणाबाई यायच्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. रोज अडीचला येऊन चार नंबरपुढे बसायच्या. कुडी काढत नव्हत्या आता. पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत बसायच्या. पडद्यावर बोटांचे ठसे उठायचे, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी ते मी पुसायचो. वाचकांच्या हजेरीवहीत मी त्यांच्या सह्या मोजल्या. चौदा महिन्यांत दोनशे अठ्ठ्याण्णव.

मग एका दुपारी मी वाचनालयाचा जिना चढत होतो आणि वरून तो आवाज आला.

तोच. सपाट, पूर्णविरामाला तेवढाच थांबा, जोडाक्षराला तोच धक्का. मी कठड्याला धरून उभा राहिलो. कुणीतरी परत बसवला, असं वाटलं, आणि — हेही कबूल करतो — पहिल्यांदा मोकळं वाटलं, मग लगेच भीती. वर गेलो. चार नंबरचा संगणक बंद होता. वायरिंगच्या कामासाठी त्या बाजूची वीज घालवलेली. चांगुणाबाई खुर्चीत ताठ बसून हातातल्या वर्तमानपत्रातून वाचत होत्या. मोठ्याने. यंत्राच्या आवाजात.

शुभदाताईंचे डोळे भरले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यंत्र गप्प झालं तेव्हा चांगुणाबाईंना एकोणीस अक्षरं येत होती. पण ऐकून ऐकून अकरा पानं पाठ झाली होती, थांब्यांसकट. मग त्या तेच पान समोर उघडायच्या, मनातल्या मनात यंत्राला बोलायला लावायच्या आणि त्याच्या चालीने एकेका शब्दावर बोट सरकवायच्या. बोट पुढे गेलं आणि आवाज मागे राहिला, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. मासळीचं पान तर त्यांनी असं किती वेळा केलं, याचा हिशोबच नाही. पिवळा रंग त्या स्वतः भरत होत्या, डोक्यात. उरलेली सगळी अक्षरं अशी मिळवली. कुणीही शिकवलं नाही. शुभदाताईंनाही त्यांनी हे त्याच दिवशी सांगितलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोजल्या. असं काही मोजायची पट्टी माझ्याकडे नव्हती. खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि इथे ही बाई माझ्या खोट्यामागून चौदा महिने चालत येऊन मला ओलांडून पुढे गेली होती. मला खुर्ची ओढायचंही भान राहिलं नाही.

“मास्तर, बसा,” त्या म्हणाल्या. “मना एक वाचायचंय तुमच्यासमोर. तुमी चूक काढा.”

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. बाजाराची दुरुस्ती झाली तेव्हा विक्रेत्यांना नव्याने जागा दिल्या होत्या, त्याचा कागद. त्यावर त्यांनी सही केली होती, सात महिन्यांपूर्वी. तेव्हा कुणीतरी घाईत तोंडी सांगितलं होतं आणि त्या सही करून मोकळ्या झाल्या होत्या. आता त्या उभ्या राहिल्या आणि वरून वाचू लागल्या. तारीख, विषय, नाव. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. त्याच आवाजात, एकही अक्षर न अडखळता त्यांनी वाचलं : ज्या विक्रेत्यांना पूर्वीचीच जागा हवी असेल त्यांनी पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

तीस वर्षं त्यांची जागा दाराजवळ होती. आता मागच्या भिंतीकडे आहे, जिथे गिऱ्हाईक पोचेपर्यंत त्याची पिशवी भरलेली असते. मी मनात हिशोब केला, तो केल्याशिवाय मला राहवत नाही. आवाज होता तेव्हा तीन महिन्यांत एकोणीस अक्षरं. त्याच वेगाने गेल्या असत्या तर सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक सगळी. हा कागद आला तो मी प्लगइन काढल्याला सात महिने झाले तेव्हा, म्हणजे त्यांच्या दहाव्या महिन्यात. हिशोब कच्चा आहे, शिकणं असं सरळ रेषेत जात नसेल. पण तो कच्चेपणा मी माझ्या बाजूने धरत नाही.

आणि दुसरंही सांगायला हवं. तो प्लगइन संगणकात आधीच बसवलेला नसता, तर चांगुणाबाईंना तो कुणी दिला असता? माझ्या ठरावाचा अर्थ असा, की ज्याला हवं त्याने मागून घ्यावं. जे आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस मागणार कसं? बाकीचे तीन काढण्याजोगेच होते, हेही खरं. ठरावात मात्र मी ओळ एकच लिहिली होती.

कागद संपला. त्यांनी शेवटच्या पूर्णविरामाला यंत्रासारखा थांबा घेतला आणि विचारलं, “चुकलं काय कुठं?”

“नाही,” मी म्हणालो. “सगळं बरोबर वाचलंत.”

त्या हसल्या. म्हणाल्या, बिचारा गेला, पण जाताना येवढं देऊन गेला. कंपनी बुडाली तेव्हा त्यातल्या लोकांचं काय झालं असेल, असंही विचारलं. मग कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. “हा गेला,” त्या म्हणाल्या. “पुढचा कागद येऊ दे आता.”

शुभदाताई तीन पावलांवर उभ्या होत्या. खोलीत आणखी चार वाचक होते. मी हजेरीवही ओढून सही केली.

त्याला आता पाच महिने झाले. त्या अजून येतात. मी अजून सांगितलेलं नाही.