गाडी नंबर दोनचा टर्बो

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग चौदा हजार फुटांवर होतं. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. रत्नागिरीत लोक विचारतात, किती गोळ्या झाडल्या? फायरिंग रेंजवर झाडल्या तेवढ्याच. बाकीची नोकरी मी इंजिनाखाली उताणा पडून केली. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग तो दुसरा प्रश्न काढतो, "आमच्या गाडीला मोठा टर्बो बसवून द्याल का?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. रिटायर होऊन शहराबाहेर डिझेल इंजिनांचं वर्कशॉप टाकलं, तेव्हापासून ऐकतोय. चिऱ्याच्या ट्रकवाल्याला मोठा हवा, बोअरवेलवाल्याला मोठा हवा. टर्बो म्हणजे काय पितळी तपेलं आहे, मोठं घेतलं की जास्त मावेल?

गेल्या महिन्यात नाटे बंदराहून रमाकांत आला. त्याचा मासेमारीचा ट्रॉलर आहे आणि त्यात ट्रकचं इंजिन आहे. टर्बो गेला होता. त्याच मापाचा नवा मी बाकावर काढून ठेवला होता. त्याने तो हातात घेऊन दोनदा फिरवून बघितला.

"काय वो हवालदार, ह्यो तर जुन्याएवढाच हाय."

"तेवढाच लागतो."

"बाजूवाल्याची बोट माझ्या आधी बंदराला लागते. एक नंबर मोठा लावा."

"जाळं ओढताना आरपीएम किती असतो?"

"कमीच. ओढ असते ना."

मी त्याला शांतपणे सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात दाबून भरतं. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. पण चाक मोठं असेल तर ते फिरवायला धूरही जास्त लागतो, आणि कमी आरपीएमला तेवढा धूर नसतो. म्हणजे जाळं ओढताना मोठा टर्बो नुसता बसून राहणार. खाडीच्या तोंडाशी लाट मागून आली आणि थ्रॉटल दिला, तर बोट दोन-तीन सेकंद जागची हलणार नाही. लहान चाक लगेच फिरतं, पण अतिलहान घेतलं तर वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून इंजिन कुठल्या आरपीएमला राबतं ते बघून माप ठरवायचं.

"कळलं?"

"कळलं. पन मोठाच लावा."

मी पाना खाली ठेवला.

"तुमी नाय लावलात तर दुसरा कोन लावील," तो म्हणाला.

तेव्हा मी त्याला स्टुलावर बसवलं आणि घरीसुद्धा कधी न बोललेली गोष्ट सांगितली.

त्या पोस्टिंगवर इन्स्पेक्शन दोन दिवसांवर आलं होतं. बंद गाड्यांच्या आकड्याला आम्ही व्हीओआर म्हणतो. इन्स्पेक्शनला तो निल दाखवायचा असतो, मग कुणाचं काहीही होवो. आमची एकच गाडी बंद होती, नंबर दोन. टर्बो गेला होता. पार्टची डिमांड पाठवली होती, पार्ट आला नव्हता. भंगारात एका जड ट्रकचा मोठा टर्बो पडला होता. मी जोडणीची अ‍ॅडॅप्टर प्लेट घासून तो या इंजिनावर बसवला. प्लेट इतकी सुबक झाली की मी चार जणांना बोलावून दाखवली.

रोड टेस्ट मीच घेतली. सपाटीवर गाडी उडाली. चढावर लो गिअरमध्ये पाय दाबला, काळा धूर निघाला, मी तीन मोजले, मग तिने ओढ घेतली. त्या उंचीवर हवा विरळ, गाडीचा सगळा जीव टर्बोवर. मी जॉब कार्डवर लिहिलं, 'पिकअप लेट.'

वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांनी कार्ड वाचलं.

"चलती है?"

"चलती है, साब."

"तो ये क्या लिखा है?"

मी ते खोडलं आणि 'फिट' लिहून सही केली. सुभेदारांना दोष देणं सोपं आहे. पेन माझ्या हातात होतं.

गाडीचा ड्रायव्हर लान्स नाईक सुरेश कांबळे. आमच्या रत्नागिरीचाच, लांजा तालुक्यातला. त्याने संध्याकाळी गाडी फिरवून आणली आणि थेट माझ्याकडे आला.

"दादा, गाडी घेत नाय. पाय दाबला की आधी इचार करते, मग चालते."

"नवीन टर्बो आहे. सवय होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, "इन्स्पेक्शन होऊ दे, मग बघू."

सात दहाला आम्ही निघालो. तीन गाड्या, राशन आणि केरोसीन. कांबळे दोन नंबरला, मी मागे, बंद गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी व्हेइकलमध्ये. वाटेत दरड कोसळणारा पट्टा होता, दोनशे मीटर चढाचा. तिथे समोरच्या टेकाडावर एक जवान वर नजर ठेवून बसायचा आणि एका वेळी एकच गाडी सोडायचा. पहिली गाडी पार झाली.

"नंबर दो, आगे बढ़ो."

कांबळे निघाला. मध्यावर वळण होतं. त्याने गिअर उतरवला, वेग जवळजवळ संपला. तेवढ्यात रेडिओ बोलला.

"ऊपर से पत्थर. नंबर दो, भगाओ."

"भगा रहा हूँ."

काळा धूर निघाला. गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. मी मोजू लागलो. एक. दोन. कांबळेने आपल्या शेजारच्या जवानाला दाराबाहेर ढकललं, तो जवान रस्त्यावर पडलेला मी पाहिला. तीनला इंजिनाचा आवाज बदलला, टर्बोने हवा भरली होती. त्याच क्षणी दगड केबिनवर आला, कांबळे जागीच गेला. सात सत्तेचाळीस झाले होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत हवामान विचारलं, गाड्यांमधलं अंतर विचारलं. मला एकच प्रश्न विचारला.

"गाडी की हालत?"

"फिट, साब."

कार्डवर तेच होतं.

नवा टर्बो अजून रमाकांतच्या मांडीवर होता.

"त्यांच्या घरी सांगितलंत?"

"नाही."

"मंग माझ्यावर कशाला चिडता? मला टर्बो सांगताय, आनि ज्यांना सांगायचं त्यांना नाय."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. मी मापाचाच टर्बो बसवला. ट्रायल नाट्याच्या खाडीत घेतली. तोंडाशी लाटा फुटत होत्या. रमाकांतची बोट चालवणाऱ्या तांडेलाने थ्रॉटल पुढे सारला आणि बोटीने तिथल्या तिथे उचल घेतली. "घेते," तांडेल म्हणाला. मी कार्डवर त्याचा शब्द जसाच्या तसा लिहिला. हल्ली 'फिट' मी लिहीत नाही.

परतताना घरी न वळता लांज्याला गेलो. कांबळेचे वडील निवृत्त शिक्षक. मी त्यांच्यासमोर उभा राहूनच सगळं सांगितलं: टर्बो, खोडलेली ओळ, इन्क्वायरीतलं उत्तर. मी शिव्यांची वाट बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "गाडीचं मला माहीत होतं. निघायच्या आधी त्याने फोन केला होता."

ते पुढे म्हणाले,

"मीच त्याला म्हटलं, वर्कशॉपला आपल्याकडचे हवालदार आहेत ना? मग काळजी कशाला करतोस, जा."

लान्स नाईक सुरेश कांबळे, ड्रायव्हर. दोनदा त्याने मला सांगितलं होतं, तिसऱ्यांदा वडिलांना. त्यांनी माझ्या भरवशावर त्याला जा म्हटलं.