म्हसोबाच्या खिंडीत थांबणारा ठिपका

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो. भाची प्राजक्ता एवढंच म्हणाली, "मामा, पप्पा गेले..." आणि हात शटरवर तसाच राहिला. सकाळचा चहा पिता पिता छातीत कळ आली आणि सगळं संपलं. त्याला आता महिना उलटून गेला. भोर-वेल्ह्यातली कुठली गाडी या घडीला कुठं आहे ते बसल्या जागी सांगणारा माणूस स्वतः मात्र असा न सांगता निघून गेला, याचा मला अजून राग येतो. मेहुण्याला तेवढा हक्क असतो.

विलासदाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नसरापूरला त्यांचं कॅमेरे आणि सायरन बसवून देण्याचं दुकान होतं. चांगलं चाललं होतं. हात साफ, जीभ गोड, आणि शिडीवर चढले की खाली उतरायचं नाव नाही. भोरच्या एका सराफाकडे त्यांनी दाराला सायरन लावला होता. रात्री ठरल्या वेळेनंतर दार उघडं दिसलं की बोंब मारायची, असं ते यंत्र. पहिल्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला, लक्ष्मी आत यावी म्हणून सराफांनी दारं सताड उघडी ठेवली आणि ऐन आरतीत सायरन जो सुरू झाला... अख्खी पेठ अनवाणी रस्त्यावर आली. सराफ हात जोडून म्हणाले, "विलासराव, चोराचं म्हायीत न्हाई, पण तुमच्या यंत्रानं लक्ष्मीला दारातनंच हाकललं बघा!" दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे दर दिवाळीला फराळाबरोबर मी ही गोष्ट वाढत आलो. दाजी हसायचे, पण नंतर म्हणायचे, "चूक यंत्राची न्हवती पाव्हणं. म्या इचारलंच न्हवतं, दिवाळीला दार किती वाजता लावता म्हणून."

वेल्ह्याकडच्या गावांतलं दूध गोळा करून नसरापूरला आणणारे एक अण्णा होते. दाजी त्यांच्या कचेरीत कॅमेरा बसवत असताना अण्णा म्हणाले, "हितं काय हाय रं विलास? चार खुर्च्या. माझी दौलत तर चाकांवर फिरतीया. तिच्यावर डोळा ठेव की!" झालं. दाजींच्या डोक्यात ते वाक्य असं बसलं, की वर्षभरात त्यांनी चालतं दुकान बंद केलं आणि गाड्यांचा माग ठेवणाऱ्या जीपीएसच्या डब्या मागवल्या. अक्का माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. मी नसरापूर गाठून सुनावलं, "दाजी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय." ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, इथून पुढं पळतं तेच आपलं." अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

अण्णांनी सगळ्या टेम्पोंत डब्या बसवायला परवानगी दिली, पण महिनाभराच्या बोलीवर. जमलं तर ठीक, नाहीतर काढून न्यायच्या. दुकान तर बंद झालेलं, म्हणजे मागे फिरायला वाट नव्हती. इकडे ड्रायव्हरांनी डबीचं नाव ठेवलं 'चुगलखोर'. कुणी माग लागू नये म्हणून तिच्यावर चांदीचा कागद गुंडाळायचं, कुणी वायरच उपसायचं. त्यात महिना संपत आला असताना यंत्र रोज सकाळी एकच तक्रार करू लागलं... बबनरावांचा टेम्पो म्हसोबाच्या खिंडीत विनाकारण थांबतो. बबनराव सगळ्या ड्रायव्हरांत वडीलधारे. अण्णांना वाटलं, खिंडीत दुधात पाणी पडतंय. "उद्यापासून बबनला घरी बसवतो," ते गरजले. बाकीच्या ड्रायव्हरांनी किल्ल्या टेबलावर टाकल्या. बबनराव नाहीत, तर कुणीच नाही. आता यंत्र खोटं ठरवावं तर दाजींचा धंदा बुडणार, खरं ठरवावं तर एका माणसाची भाकरी जाणार. अण्णांकडून दाजींनी एका दिवसाची मुदत मागून घेतली, आणि तेवढा दिवस सगळ्यांनी गाड्या चालवायच्या असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी बबनरावांच्या शेजारी टेम्पोत जाऊन बसले. बबनरावांनी खिंडीत गाडी थांबवली, सीटखालून एक बाटली काढली आणि शेंदूर फासलेल्या म्हसोबाच्या दगडावर दूध ओतलं. कॅनला हातसुद्धा लावला नाही. मग म्हणाले, "घरच्या म्हशीचं हाय. आमचा बा बैलगाडी घिऊन जायचा तवापास्नं हितं थांबतो आमी. म्हसोबाला सांगितल्याबिगर घाट उतरायचा न्हाई."

"मग आण्णांना सांगितलं का न्हाई?"

"त्यांनी इचारलं कुठं? चोरच म्हनले की सरळ."

दाजी तडक अण्णांकडे गेले. त्या सकाळी मी तिथं होतो, म्हणून त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "आण्णा, मशीन बी खरं आन् बबनराव बी खरं. गाडी थांबतीया, आन् ती थांबायलाच पायजे. चुकलो म्या. नकाशात रस्ता घातला, देव घालायचा ऱ्हायला." तिथंच बसून त्यांनी खिंड नकाशात टाकली. तिथं गाडी थांबली, तर यंत्रानं गप्प राहायचं. अण्णांनी उठून स्वतःच्या हातानं गाडीची किल्ली बबनरावांना दिली. चांदीचे कागद ड्रायव्हरांनी आपणहून काढले. मग प्रत्येकजण आपापल्या वाटेवरचा देव नोंदवून घ्यायला येऊ लागला. एकानं तर सासुरवाडीचा चहाही त्यात घालायला सांगितला. दाजी म्हणाले, "सासू म्हंजी म्हसोबा न्हवं. चल, नीघ!"

तिथून दाजींनी मागे वळून पाहिलं नाही. भाजीचे टेम्पो आले, शाळेच्या गाड्या आल्या, महामार्गावरच्या कारखान्यांच्या बसही आल्या. शहरातल्या मोठ्या कंपन्या चकचकीत नकाशे घेऊन यायच्या आणि हात हलवत परत जायच्या, कारण त्यांच्या नकाशात आमचा एकही देव नव्हता. ज्या अक्कानं डोळ्यांतून पाणी काढलं होतं, तीच पुढे कचेरीत बसून फोनवर ड्रायव्हरांना दरडावू लागली. मी हरलो, आणि हरण्यात इतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

आता कचेरी प्राजक्ता सांभाळते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याखाली गाडीचा नंबर दिसतो. फक्त दाजींच्या जुन्या जीपखाली त्यांनी 'मी' असं लिहून ठेवलंय. ते गेल्यापासून तो ठिपका नसरापूरच्या अंगणातून हलला नव्हता. गेल्या आठवड्यात वेल्ह्याला काम निघालं आणि प्राजक्तानं जीपची किल्ली उचलली. दारात थबकून तिनं विचारलं, "मामा, ते नाव बदलूया का?" मी म्हटलं, "राहू दे गं."

मी आणि अक्का पडद्यासमोर बसून राहिलो. 'मी' हलला. नसरापूर मागे पडलं, घाट लागला आणि ठिपका खिंडीत येऊन थांबला. अक्कानं माझा हात धरला. यंत्र गप्प होतं. थोड्या वेळानं 'मी' पुन्हा वेल्ह्याच्या रस्त्याला लागला.