त्याच्या नावाचं लॉगिन

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, यवतमाळात, आमच्या चौघांच्या प्रोजेक्टसाठी लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर सामाईक जागा आमच्यातल्याच एकानं तयार केली. नेरचा होता तो. चौघांची वेगवेगळी लॉगिन हवी तर सरांच्या मागे चारदा सहीसाठी फिरावं लागे. "कायले फिरता? माह्याच लॉगिननं करा सारे," तो म्हणाला. आम्ही एक नंबरचे आळशी, लगेच मानलं.

त्या साली कापसाचा भाव पडला आणि दिवाळीला घरी गेलेला तो कॉलेजात परतलाच नाही. आम्ही मात्र त्याच्याच नावानं काम करत राहिलो. कोणी काय बदललं याची यादी कॉम्प्युटर आपोआप ठेवायचा. रोज तीत दिसायचं, आजही तो येऊन गेला, इतक्या ओळी लिहून गेला. मला ती यादी उघडायची भीती वाटू लागली. एकदा त्याचं खातं बंद करून पाहिलं, तर प्रोग्राम सुरूच होईना. मुकाट्यानं परत चालू केलं.

परीक्षकांनी ती यादी चाळली. "सगळं काम तर या एकट्याचंच दिसतं. बोलवा त्याला."

नेर तिथून बसनं तासाभरावर. आम्ही तिघं एकदाही गेलो नव्हतो.