वीतभर खाली बसलेला पाइप

झेंझी हास्लिंगरनं चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि एवढ्या वर्षांत तिनं ऐकलं ते फक्त लाल दिव्याचं. निवृत्त झाल्यावर घरी गप्प बसणं तिला जमणार नव्हतंच. जिल्ह्याला बिनपगारी बीव्हर-सल्लागार हवा होता. बाई एका पायावर तयार. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडणारे, पाण्यात राहणारे प्राणी; ते ओढ्यावर बांध घालतात, शेतात पाणी चढतं, मग शेतकऱ्याचा पारा चढतो. या दोघांच्या मध्ये उभं राहायचं, हे ते काम.

तिच्या वाट्याला आलेला शेतकरी म्हणजे कोर्बिनियान, शाळेत तिच्याच वर्गातला. त्याच्या मक्यात पाणी शिरलं तशी त्यानं गावभर बोंब मारली. ऑक्टोबरात झेंझीनं बीव्हरांच्या बांधातून एक पाइप आरपार बसवला. जादा पाणी वाहून जाईल, बांधही राहील. पाइप मात्र वीतभर खाली बसला. बीव्हरांच्या घराचं दार पाण्याखाली असतं; पाणी उतरलं आणि दार उघडं पडलं. चूक ध्यानात येऊन तिनं पाइप वर घेईपर्यंत चार जणांचं ते कुटुंब निघून गेलं होतं.

तेव्हापासून ती रोज सकाळी गमबूट चढवून काठ पालथा घालत होती. साल सोललेली एखादी काटकी, चिखलात पावलांचा माग, काहीतरी. कुरतडलेल्या लाकडाच्या ढलप्या मिळत, पण नख रुतवलं की कोरड्या ठाक. ज्यांना सांभाळायचं त्यांनाच आपण घराबाहेर काढलं, या विचारानं तिला घास गिळवत नव्हता.

"काय गं, सापडले का तुझे पाहुणे?" कोर्बिनियान पुलावरून ओरडायचा.

"तुला तर आनंदच झाला असेल, मेल्या."

"मला नाही, मक्याला झाला. आणि वळणापलीकडे जाऊ नकोस हां, काठ खचलाय. या वयात पाय मोडून घेशील."

फेब्रुवारी संपत आला. दुसरीकडे बघायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून एके सकाळी ती वळणापलीकडे गेली. काठ चांगला धडधाकट होता. पुढे कोर्बिनियानची सफरचंदाची बाग, आणि तिथलं सगळ्यात म्हातारं झाड आडवं पडलेलं. बुंध्याशी पांढऱ्याशुभ्र ढलप्यांचा ढीग. तिनं एक उचलून नख रुतवलं. ओली! झेंझी तिथेच बर्फात बसली आणि मनसोक्त रडली.

डोळे पुसल्यावर तिला बाकीचं दिसलं. उरलेल्या प्रत्येक झाडाला नीट तारेची जाळी गुंडाळलेली होती. पाण्याच्या कडेला बीव्हरांचा आवडता खाऊ, विलोच्या झाडाच्या फांद्या पडल्या होत्या, करवतीनं कापलेल्या. आणि तशाच फांद्यांचा भारा खांद्यावर घेऊन कोर्बिनियान समोरून येत होता. तिला बघून तो जागीच थबकला.

"चौघंही आहेत?" तिनं विचारलं.

"चौघंही. काठात बीळ केलंय त्यांनी."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"आणि मी रोज जीव टाकत हिंडतेय! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं," कोर्बिनियान म्हणाला, "तर तू पाइप घेऊन आली असतीस."

झेंझीनं त्याच्या खांद्यावरचा अर्धा भारा काढून घेतला.