बहिणीच्या जागेवर आठ दिवस

माझ्या धाकट्या बहिणीला सव्वीस वर्षांपूर्वी डोंगरावर दिली. दुर्गहून गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर डोंगरगड सोडून जंगलात शिरते, तिथल्या एका लहानशा स्टेशनवर उतरायचं अन् दीड तास चढायचं, मग तिचं घर. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, शेतकरी. धान, तूर, जवस, ऊस, भाजी, मध, तूप, सगळं घरचं. विकत काय आणतात, तर मीठ, चहापत्ती अन् आगपेटी. आमच्या भिलाई स्टील प्लांटच्या सेक्टर दहामधली मंडळी हे ऐकून भारी वाहवा करायची. मी मात्र चिडायचो. अरे बापा, ज्या घरात काहीच विकत येत नाही त्या घराला सुट्टी तरी कुठून मिळणार? माझ्या क्वार्टरमध्ये बहीण कधी मुक्कामाला राहिली नाही. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. जेवतानाही अर्धं लक्ष घड्याळाकडे.

तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन भिलाईतल्याच रिसालीत आली. गेल्या दिवाळीनंतर तिचं पहिलं बाळंतपण होतं. रीत म्हणाल तर ते माहेरी करायचं, पण डोंगरावर दवाखाना कुठला? पोरगी फोनवर रडायला लागली की आई, तूच पाहिजे. अन् आई तिकडे अडकलेली. बहीण मला म्हणाली, "दादा, इकडे धानाची मळणी चालू आहे. अन् गाय माह्याशिवाय कोणाले हात लावू देत नाही. कशी येऊ मी?"

माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "पस्तीस वर्षं भट्टीवर काढली मी. एक दिवस बंद पडू दिली नाही. मले एक गाय सांभाळता येत नाही का? प्लांटमध्ये रिलीव्हर आल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही. तुले सव्वीस वर्षांत रिलीव्हरच भेटला नाही. आता मी येऊन राहिलो." ती आधी खूप हसली, मग नाक ओढत "बरं" म्हणाली. आठ दिवसांचं ठरलं. ती खाली उतरली, मी वर चढलो.

सवय जाते का माणसाची? पोचल्या पोचल्या मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं ड्युटी चार्ट काढला. सकाळची शिफ्ट माझी: शेण, झाडलोट, दूध, कोंबड्या. दुपारची जावयांची. जावई दिवसाला दहा शब्द बोलले तर खूप. त्यांनी तो चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला अन् म्हणाले, "दादा, आता हे गायीले वाचून दाखवा."

सकाळी सहाला मी प्लांटचे जुने सेफ्टी शूज चढवून गाईखाली बसलो. पहिली लाथ शूजवर बसली, म्हणून पाय वाचला. दुसरी बादलीवर. तिसरीची वाट मी पाहिली नाही. जावयांनी प्रयत्न केला, त्यांनाही तोच प्रसाद. मग त्यांनीच दांडीवरचं बहिणीचं लुगडं आणून माझ्या हातात दिलं अन् तोंड दुसरीकडे फिरवलं. साठी उलटलेला फोरमन, मिशा अशा, डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसलो. गाय फसली. पावशेर दूध दिलंही. मग तिनं मान वळवून मला नीट पाहिलं, हुंगलं, अन् बादली थेट शेणात. जावई ओट्यावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. या माणसाला दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर लुगड्याचाही उपयोग झाला नाही. बाकी कामं झकास चालली होती. धान मळून झालं, कोंबड्या मला ओळखायला लागल्या, जवसाची चटणी अन् भाकरी खाऊन मी दुप्पट जेवायला लागलो. पण चहा काळा. वासरू मोठं होऊन दूध प्यायचं सुटलेलं, अन् गाय आम्हाला दूध काढू देईना. सातव्या दिवशी जावयांनी तिची कास पाहिली अन् म्हणाले, "तुमची बहीण उद्या आली तर थोडंफार राहील. नाहीतर आटली." म्हणजे पुढच्या वितापर्यंत, गाय पुन्हा व्याईपर्यंत, दूध नाही, दही नाही, तूप नाही. विकतचं दूध त्या घरात चढून आलेलं मी तरी ऐकलं नाही.

आठव्या दिवशी आम्ही वरच्या मोठ्या दगडावर चढलो, कारण नेटवर्क तिथंच. बहिणीचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. "अजून काहीच नाही. डॉक्टर म्हणते, तीन-चार दिवस लागतील. पण आठ दिवस म्हटलं होतं, तर मी उद्याच्या गाडीनं येऊन राहिली. पोरगी रडते, काय करू? गाय कशी आहे?"

मी जावयांकडे पाहिलं. जावयांनी हात पुढे केला. फोन कानापासून वीतभर लांब धरून ते मोठ्यानं म्हणाले, "गाय बरी आहे. दादाले दूध देऊन राहिली. दोन्ही टाइम. तू थांब." फोन माझ्या हातात कोंबला अन् खाली उतरून गेले. गूळ किंचित जळला असला तर पाहुण्याला आधी सांगून मग वाढणारा हा माणूस.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी नात झाली. नर्सनं तिला पहिल्यांदा माझ्या बहिणीच्याच हातात दिली.

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर बहीण वर आली. पिशवी ठेवली अन् सरळ गोठ्यात. गाईनं तिचा हात चाटला, पण कास कोरडी. मी कबूल करून टाकलं, "बाई, आम्ही तुह्याशी खोटं बोललो."

"मले तेव्हाच माहीत होतं," ती गाईची मान खाजवत म्हणाली. "मी भिलाईले निघाली की हे दर वेळी 'लवकर ये' म्हणतात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा 'थांब' म्हणाले, दादा. म्हणून मी थांबली."